सुई कुठल्या पिशवीत होती

रेणापूरला पिंपळफाट्याच्या बाजूला एक बाई मेथी, शेपू, कोथिंबीर घेऊन बसतात. वय सत्तरीकडे झुकलेलं. मी भाजी त्यांच्याकडूनच घेते आणि पैसे घेतल्यावर त्या एक जुडी वरून टाकतात. ती जुडी मला नको म्हणवत नाही, आणि पिशवीत ठेवताना हातही उचलत नाही. मी त्यांना मावशी म्हणते. बाजारातल्या कुठल्याही बाईला म्हणतात तसं नव्हे. दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या, बेडपॅन उचलणाऱ्या, मयताला चादरीत गुंडाळणाऱ्या बायांसाठी जो शब्द आहे, तो. वीसएक वर्षांपूर्वी आम्ही दोघी एकाच दवाखान्यात होतो. मी परिसेविका, म्हणजे वॉर्डाची इनचार्ज सिस्टर. त्या कंत्राटदाराच्या माणसांपैकी. दवाखान्याचं नाव मी लिहिणार नाही. नाव लिहिलं की वाचणारा म्हणतो, तो दवाखानाच तसला. आणि माझा वाटा त्या नावाआड लपतो.

२००४ चा पाडवा होऊन पंधरा दिवस झाले असतील. सकाळी साडेसातच्या सुमारास मावशी काळी पिशवी बांधत होत्या. काळ्या पिशवीत साधा कचरा जायचा. कागद, केळ्याच्या साली, चहाचे कप. तिच्यात सुई असायला नको होती. होती. मधल्या बोटात शिरली. मावशी माझ्या टेबलाशी आल्या आणि बोट पुढं केलं. मी रात्रपाळीचा रिपोर्ट घेत होते. "साबणानं धुवा, वरून स्पिरिट लावा, काही होत नाही," असं म्हणाले. मान वर करून म्हणाले की तशीच, ते मला आठवत नाही. मावशींना आठवतं. त्यांनी मला नंतर सांगितलं.

आषाढीला त्या चार दिवस बिनपगारी सुट्टी टाकून एसटीनं पंढरपूरला जाऊन आल्या. आल्यावर तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे झाले. जेवण जाईना, लघवी हळदीसारखी, पायात त्राण नाही. वैद्यकीय अधीक्षकांनी, आम्ही त्यांना नुसतं साहेब म्हणायचो, राउंडला बघितलं आणि म्हणाले, "पंढरपूरचं पाणी बाधलं. वारीत काविळी होतातच." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

आता या एका वाक्यापाशी मला थांबायचं आहे, कारण इतकी वर्षं मी तिथंच थांबलेली आहे.

मराठीत कावीळ हा शब्द एकच. पाण्यातून होते ती कावीळ आणि रक्तातून होते तीही कावीळच. दूषित पाण्यातून येणारे ए आणि ई हे विषाणू वेगळे, सुईनं, रक्तानं जाणारे बी आणि सी वेगळे. हे काही गुपित नाही, नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. तिथंच हेही शिकवतात की पाण्यातून येणारी कावीळ पाणी प्यायल्यावर आठवड्याभरात दिसत नाही. निदान दोन आठवडे लागतात, बऱ्याचदा महिना. पंढरपूरचं पाणी पिऊन आल्यावर तिसऱ्या दिवशी कुणाचे डोळे पिवळे होत नाहीत. आणि हिपॅटायटिस बी दीड महिना ते सहा महिने अंगात गप्प बसून मग वर येतो. चैत्र ते आषाढ मोजा. तीन महिने. बोटांच्या पेरांवर होणारा हा हिशेब त्या राउंडमध्ये उभ्या असलेल्या एकानंही केला नाही. साहेब एमबीबीएस होते, मी अठरा वर्षं नोकरी केलेली होते. ज्ञान कमी पडलं असं मी म्हणू शकत नाही. ते ज्ञान आम्ही रोज खाटेवरच्या माणसासाठी वापरत होतो. खाटेखालचा केर काढणाऱ्या माणसासाठी ते वापरायचं असतं, हे आमच्यापैकी कुणाच्या मनात आलं नाही.

आणि मला तर सुई माहीत होती. मी बोललेच नाही. का बोलले नाही याचं उत्तर मी बरेच दिवस "आठवलं नाही" असं देत असे. ते खरं नाही. आठवलं होतं. सुई काळ्या पिशवीत गेली म्हणजे ती वॉर्डातल्या कुणीतरी टाकली. मावशींनी नव्हे, आमच्यापैकी कुणा सिस्टरनं. कदाचित मी. त्याच्याही मागं एक गोष्ट होती. सुई टोचली त्याच्या दोन वर्षं आधी आमच्याकडे हिपॅटायटिस बीच्या लसीकरणाची मोहीम झाली. तीन डोस: आज, महिन्यानं, सहा महिन्यांनी. यादी मी केली होती. साहेब म्हणाले होते, आपल्या आस्थापनेवरच्यांची करा. मी केली. कंत्राटी बाया आस्थापनेवर नव्हत्या, म्हणून यादीत नव्हत्या. ज्यांच्या हाताला रोज आमच्या सुया लागू शकत होत्या, त्यांना सोडून लेखनिकापर्यंत सगळे लस टोचून घेऊन मोकळे झाले. त्या दिवशी काही डोस उरले ते परत फ्रीजमध्ये गेले. सुई टोचल्यावर चोवीस तासांच्या आत लस सुरू केली असती तरी पुष्कळ झालं असतं. लस न घेतलेल्या माणसाला बी असलेल्या रुग्णाची सुई टोचली तर शंभरात सहापासून तीसपर्यंत माणसांना लागण होते. मी स्पिरिट लावायला सांगितलं.

पुढं लातूरला रक्त तपासलं, बी निघाला. तेव्हा साहेब म्हणाले, "हातावर गोंदण आहे. गावात कुणाकडूनही इंजेक्शन घेतात. घरच्या माणसाकडूनही येतो. आपल्याकडूनच आला हे कशावरून?" प्रश्न चुकीचा नव्हता, या सगळ्या वाटांनी तो येतो. फक्त तो प्रश्न तापलेल्या, उलट्या करणाऱ्या, सही न येणाऱ्या एका बाईपुढं ठेवला होता आणि उत्तर तिनं शोधायचं होतं. आपल्या देशात तेव्हा १९२३ चा एक कायदा होता, कामावरच्या इजेच्या भरपाईचा. त्याच्या तिसऱ्या परिशिष्टात कामामुळं होणाऱ्या आजारांची यादी होती, आणि तिच्या पहिल्याच नोंदीत, संसर्गजन्य रोगांच्या नोंदीत, आरोग्यसेवेचं आणि प्रयोगशाळेचं काम होतं. अशा कामावरच्या माणसाला असा आजार झाला तर तो कामातूनच आला असं धरायचं; तसं नाही हे मालकानं सिद्ध करायचं. हा कायदा मी निवृत्तीनंतर वाचला. पस्तीस वर्षांच्या नोकरीत मला त्याबद्दल कुणी सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

मावशी बऱ्या झाल्या. मोठ्या माणसातली बहुतेक बी कावीळ उतरते, तशी ती उतरली. पण अडीच महिने गेले. तेवढ्यात कंत्राटदारानं दुसरी बाई लावली. मावशी परत आल्या तेव्हा फाटकावर त्यांना सांगितलं, जागा नाही. साहेबांनी खिशातून पाचशे रुपये काढून दिले. मनापासून दिले, त्यांचे डोळे पाणावले होते. मी ते पाहिलंय. अपघाताच्या नोंदवहीत मात्र एक ओळ पडली नाही. ती वही माझ्या कपाटात होती.

हा लेख त्या पाचशे रुपयांविषयी आहे. ती करुणा होती का?

आमचं घर बौद्ध. पानगावकडचं, रेणापूर तालुक्यातलंच. पानगावच्या चैत्यस्मारकात बाबासाहेबांच्या अस्थी आहेत. सहा डिसेंबरला तिथं पाय ठेवायला जागा नसते. आमच्या घरात पूर्वजन्माचं बोलणं माझ्या वडिलांच्या पिढीनं बंद केलं होतं. आजीला जुनी सवय होती, तिच्या तोंडून "नशिबाचे भोग" निघालं की वडील ताट बाजूला सारायचे. त्या घरात वाढलेली मी मावशींच्या खाटेशी बसून त्यांचा हात धरून म्हणाले, "नशीब म्हणायचं, मावशी." शब्द तोंडातून गेल्यावर मला वडिलांचं सारलेलं ताट दिसलं. नशीब म्हटलं की बोलणाऱ्याचं मन हलकं होतं. ऐकणाऱ्याचं होतं की नाही, मला माहीत नाही. मावशी काही बोलल्या नाहीत, भिंतीकडं तोंड करून निजल्या.

नशीब हा एक शब्द झाला. दवाखान्यात असे आणखी शब्द आहेत आणि ते सगळे चांगले शब्द आहेत, म्हणून त्यांच्याविषयी बोलणं अवघड जातं. मावशी, मामा, सिस्टर, ब्रदर, गावात फिरणाऱ्या आशाताई. सगळा दवाखाना नात्यांनी भरलेला. बाहेरच्याला वाटतं किती आपलेपणा. आपलेपणा असतोही, रात्रपाळीला एका डब्यात चौघी जेवतो आम्ही. पण घरात आईचं बोट भाजलं तर कुणी वहीत लिहितं का? तव्याला दांडा नाही म्हणून भाजलं, दांडा बसवू, असं कुणी म्हणतं का? आई आहे, तिला भाजायचंच. मावशी आहे, तिला टोचायचंच. नात्याचं नाव दिलं की कामाचा हिशेब मागणं उर्मटपणा ठरतो. मावशींनी बोट दाखवलं तेव्हा त्यांना माझ्याकडून नात्यातलं उत्तर मिळालं, घरातल्या पोराला देतात तसं: काही होत नाही, धू. इनचार्ज म्हणून मी द्यायचं उत्तर वेगळं होतं.

मग साहेब एकदा म्हणाले, ग्लोव्ह्ज घातले नसतील, या बाया निष्काळजी असतात. जाड रबरी हातमोजे आमच्याकडे आले होते. स्टोअरच्या कपाटात कुलपात होते, फाटतील म्हणून. २०१६ च्या उन्हाळ्यात, मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं त्या उन्हाळ्यात, मी दुसऱ्या एका ठिकाणी होते. तिथं हात कसे धुवावेत याचं चित्रांचं पोस्टर बेसिनवर लावलेलं होतं आणि नळाला पाणी नव्हतं. तेव्हाही एका सिस्टरला तापाचं काही निघालं तर पहिला प्रश्न होता, हात धुतले होते का.

रेणापूरला राहायला आल्यापासून निष्काळजी या शब्दावर मी वेगळ्या रीतीनं विचार करते. गावाची देवता रेणुका. मी देवळात जाते ते नवरात्रात, शेजारणींबरोबर. हात जोडत नाही, पण बसते. तिची कथा सगळ्यांना ठाऊक. रोज नदीवरून पाणी आणायचं हे तिचं काम. एक दिवस पाण्यात क्रीडा करणारा गंधर्व दिसला, क्षणभर लक्ष गेलं, पाण्याला उशीर झाला. जमदग्नीनं मुलाकरवी तिचं शिर उतरवलं. आयुष्यभर केलेलं काम एका पारड्यात आणि एक क्षण दुसऱ्या पारड्यात, आणि त्या ऋषीला क्षण जड वाटला. पण पुढं लोकांनी काय केलं ते बघा. देऊळ तिचं बांधलं. माहूरला तिचं, इथं तिचं. जिचं लक्ष एकदा ढळलं तिला आई म्हणून बसवलं. लोकांना काहीतरी कळलेलं होतं. माणसाचं लक्ष ढळतंच, त्याचा देह सोळा तास राबलेला असतो, त्याला झोप लागते, त्याच्या मनात घरचं लेकरू असतं. त्या ढळण्यावर मरण टांगून ठेवणारा नियमच उणा. सुईसाठी भोक न पडणारा डबा ठेवा, कपाटाचं कुलूप काढा, मग एखाद्या क्षणी लक्ष गेलं तरी कुणाचं बोट जात नाही. कथेत पुढं असं आहे की त्या मुलानं, परशुरामानं, वर मागितला, आई जिवंत होऊ दे आणि तिला मारलेलं आठवू नये. साहेबांचे पाचशे रुपये मला त्या वराच्या दुसऱ्या भागासारखे वाटतात.

याहून अवघड शब्द त्याग. त्याच्यापुढं माझीही वाचा बसते. प्रत्येक वॉर्डात सावित्रीबाईंचा फोटो असतो. ३ जानेवारीला हार घालतो, १० मार्चला दोन शब्द बोलतो. १८९७ च्या प्लेगात त्या गेल्या. मुंढव्याच्या एका आजारी पोराला पाठीवर घेऊन त्या मुलाच्या, यशवंतरावांच्या, दवाखान्यात आल्या, लागण झाली, १० मार्चला प्राण सोडला. भाषण इथं संपतं, टाळ्या होतात. भाषणात हे येत नाही की तो दवाखाना माय-लेकांनी मुद्दाम वस्तीपासून दूर, हडपसरच्या माळावर, मोकळ्या हवेत काढला होता. त्या नुसत्या मरायला निघालेल्या नव्हत्या. रोग कसा पसरतो याचा विचार त्यांनी केला होता. आणि बरोबर दोन महिने आधी, १० जानेवारी १८९७ ला, मुंबईत हाफकिननं आपली प्लेगची लस प्रथम स्वतःच्या अंगावर टोचून पाहिली होती. लस एकशेवीस मैलांवर होती. पोचायला वेळ होता, यंत्रणा नव्हती. यशवंतरावही पुढं १९०५ मध्ये प्लेगच्याच रुग्णांची सेवा करताना प्लेगनं गेले. मला सावित्रीबाईंचा हार काढायचा नाही. मला एवढंच म्हणायचंय की त्यांनी जे दिलं ते त्यांचं होतं, त्यांनी स्वतः दिलं. मावशींनी काही दिलं नव्हतं. त्यांच्याकडून ते गेलं, आणि आम्ही मागाहून त्याला सेवा हे नाव देऊ पाहत होतो. फळाची आशा सोडावी ही शिकवण ज्यानं त्यानं आपल्यापुरती घ्यायची असते. अधिकाऱ्यानं हाताखालच्याच्या फळावर पाणी सोडायचं, असं ती कुठं सांगते?

कोरोनात हेच मोठ्या प्रमाणावर दिसलं. २२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाच वाजता थाळ्या वाजल्या, आमच्या गल्लीतही वाजल्या. ३ मे ला दवाखान्यांवर विमानदलाच्या हेलिकॉप्टरमधून फुलं पडली. सरकारनं आरोग्य कर्मचाऱ्यांचा पन्नास लाखांचा विमा काढला, आणि तो आशाताईंपासून कंत्राटी माणसापर्यंत सगळ्यांना लागू केला, हे चांगलं झालं. पण तो मृत्यूचा विमा होता. मेलं तर पन्नास लाख. वाचलं, आणि सहा महिने जिना चढताना धाप लागली, तर त्या धापेला रकाना नव्हता. जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभर ऐंशी हजार ते एक लाख ऐंशी हजार आरोग्य कर्मचारी कोविडनं गेले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. किती आजारी पडून उरले याचा आकडा आपण विचारतही नाही. मरण साहेबाला दिसतं. आजारपण रजेच्या अर्जातून येतं आणि अर्ज त्रासदायक असतो.

माझं स्वतःचं एक सांगते. किल्लारीच्या भूकंपानंतर, ३० सप्टेंबर १९९३ नंतर, मला तिकडं पाठवलं होतं. आदल्या दिवशी गणपती बुडवलेले, आणि पहाटे चारच्या आत गावं बसली. बारा दिवस होते. परत आल्यावर पुढं सात-आठ महिने पहाटे चारला मला जाग यायची ती यायचीच. दिवसा वॉर्डात लोखंडी ट्रॉली आपटली की हातातलं गळून पडायचं. वरच्यांना सांगितलं. उत्तर आलं, "तुमचं तिथं कोण गेलं? ज्यांचं गेलं ते बघा." मी परत ते बोलले नाही. आणि अकरा वर्षांनी मी मावशींना तसंच उत्तर दिलं. ज्याचं ऐकून घेतलेलं नसतं तो ऐकायचं शिकेलच असं नाही.

कारण शोधणं म्हणजे चूक काढणं, असं आमच्या डोक्यात बसलेलं असतं, म्हणून कुणी शोधत नाही. पण एका माणसानं शोधलं आणि काय झालं ते प्रत्येक नर्सला परीक्षेसाठी पाठ असतं. त्याचा अर्थ मला उशिरा लागला. १८४७, व्हिएन्ना. बाळंतिणी तापानं मरत होत्या, कारण कळेना. त्या मार्चमध्ये कोलेच्का नावाचा एक प्राध्यापक मेला. शवविच्छेदन करताना विद्यार्थ्याचा चाकू त्याच्या बोटाला लागला होता. झेमेलवाइस हा त्याचा मित्र. त्यानं मित्राच्या शवविच्छेदनाचा कागद वाचला आणि त्याला दिसलं की हा आजार बाळंतिणींचाच आजार आहे. म्हणजे मुडद्यांवरून आमच्या हातांनी काहीतरी तिकडं जातंय. क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये शंभरात अठरा मरत होत्या, जुलैत एक. जगभरचं हात धुणं ज्या शोधातून आलं तो शोध एका कर्मचाऱ्याच्या आजारपणातून आला, कारण कुणीतरी ते आजारपण नशीब म्हणून मिटवलं नाही, वाचलं. त्याच्या वरिष्ठांनी मात्र १८४९ मध्ये त्याची नेमणूक पुढं वाढवली नाही. मावशींचं बोट मी वाचलं असतं तर आमच्या वॉर्डात सुया कुठल्या पिशवीत जातात ते कळलं असतं. त्या पिशव्या उकिरड्यावर जायच्या. तिथं पोरं भंगार वेचायची.

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. भिक्खूंच्या निवासात एक भिक्खू पोटाच्या विकारानं आजारी, स्वतःच्या मळमूत्रात पडलेला. बुद्ध आणि आनंद फिरत तिथं आले. बुद्धानं विचारलं, तुझं करायला कुणी आहे का. नाही म्हणाला. का नाही? म्हणाला, मी कुणाच्या उपयोगाचा नाही म्हणून. बुद्धानं आनंदाला पाणी आणायला लावलं. एकानं ओतलं, दुसऱ्यानं धुतलं. एकानं डोक्याकडून, एकानं पायाकडून उचलून खाटेवर ठेवलं. विहारात ही गोष्ट इथपर्यंत सांगतात, आणि मग येतं ते प्रसिद्ध वाक्य, की ज्याला माझी सेवा करायची आहे त्यानं आजाऱ्याची करावी. पण मला त्या वाक्याच्या मागचं-पुढचं महत्त्वाचं वाटतं. बुद्धानं आधी सगळ्या संघाला बोलावलं आणि चौकशी केली. अमक्या निवासात कुणी आजारी आहे का, काय झालंय, त्याला कोण बघतं? मग नियम घालून दिला. आजाऱ्याचा गुरू असेल तर गुरूनं बघायचं, नसेल तर शिष्यानं, ओळीनं सांगितलं, कुणीच नसेल तर संघानं, आणि संघानं केलं नाही तर तो संघाचा दोष. हात धुऊन झाल्यावर बुद्ध निघून गेला नाही. त्यानं कुणाची जबाबदारी ते ठरवलं, ते नियमात बसवलं.

आमच्या साहेबांनी पाणी ओतलं होतं. संघ बोलावला नव्हता. मी तर पाणीही ओतलं नाही. बौद्ध माणूस प्रज्ञा आणि करुणा जोडीनं म्हणतो, लहानपणापासून मी म्हणत आले; पण दोन्ही एकाच कामाचे दोन हात आहेत हे मला त्या पाचशे रुपयांनी शिकवलं. करुणा विचारते, तुम्हाला फार होतंय का? प्रज्ञा विचारते, सुई कुठल्या पिशवीत होती? दुसरा प्रश्न कोरडा वाटतो, पोलिसी वाटतो. पण दुःखाला कारण आहे हे तथागतानं सांगितलेलं दुसरं आर्यसत्य. ते वगळून पहिल्यावर रडत बसणं हा माझ्या धर्मात तरी धर्म नाही. वैद्याच्या धर्मातही नाही, आणि मला वाटतं साहेब रोज सकाळी ज्या देवाची पूजा करून यायचे त्याच्याही धर्मात नसावा.

कारण त्या देवाचा, विठ्ठलाचा, एक भक्त असाच गेला. आजी धम्मदीक्षेआधीची, चोखोबांच्या गोष्टी तिच्या तोंडी होत्या. बाबासाहेबांनी १९४८ मधलं आपलं अस्पृश्यांवरचं पुस्तक ज्या तिघांच्या स्मृतीला वाहिलं त्यात चोखामेळा आहेत हे वडिलांनी सांगितल्यावर ती फार सुखावली होती. चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीच्या कामावर होते. भिंत कोसळली, मजूर गाडले गेले. साल १३३८. नामदेव हाडं आणायला गेले, ढिगाऱ्यात ओळखणार कशी? एकेक हाड कानाशी धरलं. ज्यातून विठ्ठलाचं नाव आलं ती गोळा केली, पंढरीला महाद्वारासमोर समाधी दिली. आजी इथं डोळे पुसायची, पण नंतर एक गोष्ट हमखास म्हणायची, "आन् बाकीच्यांची हाडं तशीच ऱ्हायली की." लहानपणी मला ते गोष्ट बिघडवणारं वाटायचं. भिंत का पडली, पाया कच्चा होता की माती ओली, कामावर कोण देखरेखीला होतं, हे कथेत कुणी विचारत नाही. वेठीच्या माणसाच्या मरणाला तेव्हा कारण लागत नव्हतं. नामदेवांनी निदान कान लावला. मी सहा डिसेंबरला पानगावच्या रांगेत उभी असते तेव्हा मला आजीचं ते वाक्य आठवतं.

गेल्या पावसाळ्यात एक दिवस मावशी भाजी बांधता बांधता म्हणाल्या, "आक्का, सून तिकडं लातूरला एका दवाखान्यात सफाईला लागलीय. काल तिला सुई टोचली मनली." काल किती वाजता, मी विचारलं. "दुपारी, जेवणाच्या टायमाला." मी मेथी तिथंच ठेवली. भाजीचं पोतं शेजारणीवर सोपवून दोघी रिक्षानं घरी आलो, सुनेला फोन लावला. लस घेतली आहे का? नाही. कुणाला सांगितलंस का? "सुपरवायझरला सांगितलं, ते मनले, धुऊन टाक." दवाखान्यातल्या कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमात तो कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला कावीळ-बीची आणि धनुर्वाताची लस द्यायची, वर्षातून एकदा तपासायचं, सुई टोचली तर तिची नोंद करून वर कळवायची, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. मी सुनेला म्हणाले, आत्ता निघ, सरकारी दवाखान्याच्या अपघात विभागात ये, मी तिथं उभी राहते. चोवीस तास व्हायला तीन तास होते. एचआयव्हीचं औषध लागलं तर त्यालाही बहात्तर तासांचीच मुदत.

लातूरच्या एसटीत मी पर्समधून कागद काढला आणि मांडीवर ठेवून लिहायला लागले. तारीख. वेळ. उजवा की डावा हात. पिशवीचा रंग. मावशी शेजारी बसल्या होत्या, खिडकीकडं. बराच वेळ माझ्या हाताकडं बघत होत्या.

"कशाला लिहायलाव एवढं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, हा कागद त्यांच्या वहीत चिकटवायला लावायचा.

त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी आपला उजवा हात माझ्या मांडीवर, कागदाच्या बाजूला ठेवला, मधलं बोट जरा पुढं काढून, आणि म्हणाल्या, "आन् ह्याचं?"

मी त्या कागदाची मागची बाजू वर केली आणि लिहिलं: एप्रिल २००४, सकाळी साडेसात, काळी पिशवी.